रिपोर्ट नॉर्मल, मग इंजेक्शन कशाला?

किडनी निकामी होत चाललेल्या मुलांची उंची खुंटते. त्यावर डॉक्टरांनी ग्रोथ हॉर्मोन सुचवलं, की पालकांआधी नातेवाईकच विचारतात, ‘रक्तात हॉर्मोन नॉर्मल आहे ना, मग ते महागडं इंजेक्शन कशाला?’ पाठोपाठ ‘सगळा धंदा’ हा शेरा येतोच.

रिपोर्ट खरा असतो, अर्थ चुकीचा लावला जातो. या मुलांच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन नॉर्मल, कित्येकदा जास्तच सापडतं. कारण त्याचा निचरा करणारी किडनीच मंदावलेली असते. गोम पुढे आहे. या हॉर्मोनमुळे आयजीएफ-१ तयार होतं आणि हाडं लांब होतात ती बरीचशी त्याच्या जोरावर. किडनीच्या आजारात पेशी ग्रोथ हॉर्मोनला दाद देत नाहीत. भरीला, आयजीएफ-१ला जखडून ठेवणारी प्रथिनं रक्तात साचतात. गोदाम भरलेलं आणि रेशन दुकान रिकामं, अशी गत! म्हणजे इंजेक्शन कमतरता भरून काढायला नसतंच. पेशींचा हा प्रतिकार मोडण्यासाठी ते जादा मात्रेत द्यावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने या मुलांसाठी ते १९९३ मध्येच मंजूर केलं. २०१२च्या कॉक्रेन आढाव्यानुसार ते घेणारी मुलं पहिल्या वर्षात, न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ३.९ सेंमी जास्त वाढली. एवढं असूनही धंदा?

अर्थात, उठसूट कुणालाही ते टोचत नाहीत. पोषण, रक्तातली वाढलेली आम्लता, हाडांचा विकार हे आधी मार्गी लावायचं. मग उंचीही कमी आणि वाढीचा वेगही कमी असेल, तरच इंजेक्शन.

बाकीचे सल्लेही ठरलेले. ‘वयात आला की ताडकन वाढेल.’ या मुलांचं वयात येणंच बऱ्याचदा लांबतं आणि तेव्हाची वाढही तोकडी पडते. ‘उन्हात बसवा.’ जरूर, पण ड जीवनसत्त्वाला सक्रिय रूप देण्याचं शेवटचं काम मुख्यतः किडनी करते. ते अडलं की कॅल्शियम घसरतं, पॅराथायरॉइड हॉर्मोन चढतं आणि हाडं पोखरली जातात. म्हणून सक्रिय ड जीवनसत्त्व वेगळं द्यावं लागतं. ‘बीट-खजूर द्या, रक्त वाढेल.’ रक्तपेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं, त्याला बीट काय करणार? उलट बीट-खजुरातलं पोटॅशियम अशा मुलाला धोक्याचं ठरू शकतं.

‘किडनी बदलली की उंची आपोआप भरून निघेल’ हे अर्धंच खरं. लहान वयात प्रत्यारोपण झालं तर उंची बरीच सावरते. मोठ्या मुलांत तेवढी नाही, आणि नंतरची स्टेरॉइड्स वाढीला आडवी येतात.