वाकलं नाही ना, मग चालव!

कुवेतमध्ये उन्हाळ्यात सायकल चालवायची तर पहाटे साडेचारला घर सोडावं लागतं. सात वाजले की रस्त्याकडे बघवत नाही. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिघं-चौघं सालमियाहून गल्फ रोडने कुवेत टॉवर्सपर्यंत जाऊन येतो. मागच्या महिन्यात सिग्नलला थांबताना बूट पेडलमधून वेळेत सुटला नाही आणि मी उभ्या उभ्या आडवा झालो. मला नुसतं खरचटलं. हँडल मात्र फुटपाथच्या कडेवर आपटलं.

घरी येऊन हँडलची टेप सोडली. उजव्या वळणाशी केसासारखी रेघ, जेमतेम दोन सेंटिमीटर. हँडल कार्बनचं.

आप्पांचं कराडला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवलं.

"वाकलंय का?"

"नाही."

"मग काय झालंय त्याला? चालव की!"

आप्पांचं चुकत नाही. त्यांचा जन्म लोखंडी सायकलींत गेला. लोखंड आधी वाकतं, म्हणजे सूचना देतं. कार्बन म्हणजे रेझिनने चिकटवलेले धाग्यांचे थर. मार बसला की वर फक्त रेघ दिसते आणि आत थर सुटलेले असू शकतात. ते वाकून दाखवत नाही, एकदम तुटतं.

मग माझं संशोधन सुरू झालं. कापूस फिरवला, धागा तुटून वर आला असेल तर कापूस अडकतो. अडकला नाही. नख फिरवलं, तर किंचित लागलं. पण ते वरच्या वार्निशलाही लागू शकतं. शेवटी १०० फिल्सचं नाणं घेऊन टकटक केली. थर सुटले असतील तर आवाज बद्द येतो म्हणतात. पण वळणाशी मुळात जाडीच वेगळी असते, म्हणून डाव्या वळणावर त्याच जागी वाजवून ताडून बघायचं. मला दोन्ही आवाज सारखे वाटले. बायकोला नाही वाटले.

२००६च्या पॅरिस-रूबे शर्यतीत जॉर्ज हिनकॅपीचं हँडल धावत्या सायकलवर हातातच आलं होतं. आतली नळी तुटली होती, तीही ॲल्युमिनियमची! त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता. रेघ फ्रेमच्या वरच्या दांडीवर असती तर जाणकाराला दाखवून मी कदाचित दुरुस्त करून घेतली असती. पण हँडल तुटलं तर धरायला काहीच उरत नाही, थेट तोंडावर. अल्ट्रासाउंडने तपासणी होते, पण एका हँडलसाठी तो खर्च कोण करणार? ४५ दिनार मोजले आणि नवं आणलं. आप्पांना रुपयांत आकडा सांगितला नाही.

जुनं हँडल ऑफिसमधल्या एकाने मागितलं. "फेकतोच आहेस ना? मुलाच्या सायकलला होईल." त्याला नाही म्हणणं जड गेलं, थोडा रागावलाही. कचऱ्यात तसंच टाकलं असतं तरी कोणीतरी उचललंच असतं. म्हणून बाल्कनीत मास्क लावून, ओल्या फडक्यावर ठेवून, करवतीने बरोबर रेघेपाशीच कापलं.

बायको डोकावली. "दिसलं का काही?"

कापलेली कड टॉर्चखाली धरली. काळीभोर, गुळगुळीत. मला तरी काही दिसलं नाही.

"म्हणजे चांगलं होतं?"

"माहीत नाही," म्हणालो आणि उरलेला तुकडाही कापायला घेतला.