इंजिनाची टिकटिक : आधी कारण ओळखा, मगच पाना लावा

बागलाण तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की पिकअप, जीप आणि ट्रॅक्टर यांना उसंत मिळत नाही. मोसम खोऱ्यातील शेतकरी नामपूरच्या बाजार समितीत माल आणतात, तेव्हा गाड्यांच्या रांगेत इंजिन वारंवार चालू-बंद होते, धूळ उडते आणि ऊनही असते. अशा वेळी बॉनेटखालून बारीक ‘टिक-टिक’ आवाज येऊ लागतो. बरेच जण एकतर तिकडे दुर्लक्ष करतात किंवा थेट टॅपेट आवळून घेतात. या दोन्ही गोष्टी महागात पडतात.

प्रस्तुत लेखकाचा विषय कृषिविद्या आहे, परंतु हा धडा घरच्याच पिकअपने दिला. टिकटिक थांबावी म्हणून एका गॅरेजमध्ये टॅपेट घट्ट करून घेतले. आवाज गेला. पंधरा दिवसांनी मात्र गाडी सकाळी लवकर चालू होईना आणि कांदा भरल्यावर चढाला ओढेना. हेड उघडल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली दिसली. मूळ दोष केवळ कमी झालेल्या ऑइलचा होता.

आवाज का येतो?

इंजिनातील व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट व रॉकर आर्म यांच्यामार्फत उघडतात. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते. यालाच टॅपेट क्लिअरन्स म्हणतात. झिजेमुळे फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो व टिकटिक ऐकू येते. फट अजिबात उरली नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. जळता वायू त्या कडेतून निसटतो व व्हॉल्व्ह जळतो. याचा आवाज येत नाही. म्हणून आवाज बंद झाला म्हणजे इंजिन निरोगी झाले, असे समजू नये.

तपासणीचा क्रम

१) प्रथम ऑइल पाहावे. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद करावे. दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. कमी असल्यास पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच ऑइल घालावे. ऑइल फार पातळ, काळे किंवा मुदत संपलेले असल्यास फिल्टरसह बदलावे. अनेकदा दोष येथेच सापडतो.

२) आवाज केव्हा येतो ते लक्षात घ्यावे. थंड इंजिन सुरू करताच येतो व गरम झाल्यावर जातो, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट गळत असण्याची शक्यता असते. तेथे काजळीचा काळा पट्टा दिसतो. सुरू केल्यावर काही सेकंदच आवाज येऊन थांबत असेल आणि इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट असतील, तर ती सहसा काळजीची बाब नाही. अशा टॅपेटची फट हाताने लावावी लागत नाही.

३) जागा शोधावी. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या भागावर टेकवून मूठ कानाजवळ धरावी. पंखा व बेल्टपासून हात, उपरणे व सैल कपडे दूर ठेवावेत. व्हॉल्व्ह कव्हरवर आवाज स्पष्ट असेल तर टॅपेट तपासावेत. डिझेल इंजिनात सर्व इंजेक्टरांची सारखी टिकटिक असतेच. एकाचाच आवाज वेगळा असेल तर तो मेकॅनिककडून तपासून घ्यावा. कॉमन रेल इंजिनाचे डिझेल पाइप स्वतः सैल करू नयेत. त्यातील दाब १००० बारपेक्षाही जास्त असू शकतो.

टॅपेट लावण्याची पद्धत

टॅपेट पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच थंड किंवा गरम इंजिनावर लावावेत. फटीचे माप इंजिनानुसार बदलते. अनेक इंजिनांत ते ०.१५ ते ०.४५ मि.मी. असते आणि एक्झॉस्टची फट बहुधा इनलेटपेक्षा जास्त असते. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचे माप आपल्या गाडीला लावू नये.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चावी काढून घ्यावी व इंजिन पान्याने हळूहळू फिरवावे. नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडू लागतो, तेव्हा पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. त्यांची फट त्या वेळी लावावी. लॉकनट सैल करून योग्य मापाची फीलर गेजची पाती आत सरकवावी व स्क्रू फिरवावा. पाती किंचित अडखळत सरकली म्हणजे माप बरोबर आले. लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण आवळताना फट बदलते. याच रीतीने बाकीचे सिलिंडर घ्यावेत. कव्हर बसवताना गॅस्केट फाटलेले नाही याची खात्री करावी.

फट बरोबर असूनही टिकटिक राहिली तर रॉकर, पुश रॉड किंवा कॅम झिजले असण्याची शक्यता असते. ते काम जाणकार मेकॅनिकचे आहे.

हा आवाज आल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे

खालून जड ‘ठक-ठक’ आवाज येत असेल व भार पडताच वाढत असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर बेअरिंगचा किंवा ऑइलच्या दाबाचा दोष असू शकतो. ‘बाजारापर्यंत जाऊ, मग पाहू’ असे म्हणू नये. माल दुसऱ्या गाडीत भरण्याचे भाडे क्रँकशाफ्टच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी ऑइल, एअर फिल्टर व टॅपेट तपासून घ्यावेत. तारीख, किलोमीटर आणि लावलेले माप वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी टिकटिक सुरू झाली की कोठून सुरुवात करावी, हे ती वहीच सांगेल.