पैशाच्या वाटा – १४ : मनाईचा कागद

ठरल्याप्रमाणे आज रुपे कार्डाची जन्मकथा सांगायची होती. ती आठवडाभर लांबणीवर टाकतो, कारण गेल्या लेखातली कार्ड व्यवहारातल्या चार भिडूंची (कार्डधारक, त्याची बँक, पैसे घेणारा आणि त्याच्या बाजूची बँक) मांडणी वाचून एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कार्ड कंपन्या खासगी आहेत. वादग्रस्त संस्थेच्या देणग्या आमच्या यंत्रणेतून जाऊ देणार नाही, असे त्यांनी ठरवले तर तो त्यांच्या मर्जीचा भाग झाला. दुकानदाराने एखाद्याला माल दिला नाही, म्हणून आपण काही घटना उघडून बसत नाही. वरवर हा मुद्दा बिनतोड वाटतो. तो पारखून घ्यायला 2010 सालच्या विकिलीक्स प्रकरणाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही, कारण त्यात कोणत्या भिडूने काय केले आणि कोणते कारण पुढे केले, हे बऱ्याच अंशी नोंदले गेले आहे.

28 नोव्हेंबर 2010 रोजी विकिलीक्सने अमेरिकी वकिलातींचा गोपनीय पत्रव्यवहार प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ‘गार्डियन’, ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘देर श्पीगेल’, ‘ल मोंद’ आणि ‘एल पाईस’ यांनीही त्याच मजकुराच्या बातम्या छापल्या. सिनेटर जो लीबरमन यांनी कंपन्यांना विकिलीक्सशी संबंध तोडण्याचे जाहीर आवाहन केले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेपालने विकिलीक्ससाठी देणग्या घेणाऱ्या जर्मनीतल्या वाउ हॉलंड प्रतिष्ठानचे खाते गोठवले, पाठोपाठ मास्टरकार्ड आणि व्हिसा युरोपने देणग्या थांबवल्या, आणि महिना संपायच्या आत बँक ऑफ अमेरिकाही त्या रांगेत उभी राहिली. त्या पाच नियतकालिकांना मात्र कोणी हात लावला नाही. त्यांची वर्गणी त्याच कार्डांवर भरता येत होती. ऑक्टोबर 2011 मध्ये विकिलीक्सने प्रकाशन स्थगित केले, तेव्हा आपले 95 टक्के उत्पन्न बुडाल्याचे तिने सांगितले. आकडा तिचा स्वतःचा आहे, म्हणून त्यातून हवे तर थोडे वजा करा. मूळ गोष्ट बदलत नाही.

आता या मनाईचा कागद शोधू. न्यायालयाचा आदेश नव्हता. गुन्हा सिद्ध होणे दूरच, संस्थेवर आरोपपत्रही नव्हते. पेपालच्या एका उपाध्यक्षाने 8 डिसेंबरला पॅरिसच्या परिषदेत अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या 27 नोव्हेंबरच्या पत्राचा हवाला दिला. ते पत्र खात्याचे कायदा सल्लागार हॅरल्ड कोह यांनी विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज आणि त्यांच्या वकिलांना लिहिले होते. पेपालला ते आलेले नव्हते आणि पैसे अडवा असे त्यात कोणालाही सांगितलेले नव्हते. दुसऱ्याच्या नावाने आलेले पत्र वाचून कंपनीने आपल्या खातेदाराचे दार लावले. जानेवारी 2011 मध्ये काँग्रेस सदस्य पीटर किंग यांनी विकिलीक्सला निर्बंधांच्या यादीत घालण्याची मागणी केली, तेव्हा अर्थमंत्री टिमथी गाइटनर यांनी त्यासाठी लागणारा पुरावा नसल्याचे कळवले. ज्या खात्याकडे पैसा अडवण्याचा कायदेशीर अधिकार होता, त्याने तो वापरायला नकार दिला; ज्यांच्याकडे तसा अधिकार नव्हता, त्यांनी अडवलेला पैसा तसाच अडवून ठेवला. व्हिसाच्या सांगण्यावरून नॉर्वेच्या टेलर या कंपनीने विकिलीक्सच्या आइसलँडमधल्या संस्थेची तपासणी केली. आइसलँडचा कायदा किंवा व्हिसाचे नियम मोडल्याची कोणतीही खूण नाही, असा निष्कर्ष निघाला. तरी बंदी उठली नाही. आमची स्वतःची चौकशी संपेपर्यंत थांबा, असे व्हिसाने सांगितले.

म्हणून दुकानदाराचा दाखला इथे अपुरा पडतो. एका दुकानदाराने माल नाकारला तर पुढच्या दुकानात जाता येते. गावातली सगळी दुकाने, पिठाची गिरणी आणि पाणवठा एकाच आठवड्यात बंद होतात, आणि कोणी सांगितले असे विचारल्यावर जो तो दुसऱ्याकडे पाहतो, तेव्हा त्याला मर्जी म्हणत नाहीत, वाळीत टाकणे म्हणतात. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्याआधी अशा तक्रारी हाताळताना नेमकी हीच अडचण येत असे: प्रत्येकाची कृती सुटी पाहिली तर निरुपद्रवी, एकत्र पाहिली तर माणूस जगातून उठलेला. विकिलीक्स आणि जातपंचायतीचा बळी यांची बरोबरी मी करत नाही. साम्य आहे ते पद्धतीत. पंचांनी डोळ्याने खुणावायचे, बाकीच्यांनी समजून घ्यायचे, आणि कागदावर काही ठेवायचे नाही.

चार भिडूंची रचना या पद्धतीला फार सोयीची आहे. व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कचा करार बँकांशी असतो, पैसे घेणाऱ्या संस्थेशी नसतो. संस्थेने व्हिसाला जाब विचारला की उत्तर येते, तुमचा आमचा करारच नाही. अ‍ॅक्वायररला, म्हणजे पैसे घेणाऱ्याच्या बाजूच्या बँकेला किंवा कंपनीला विचारले की ती नेटवर्कच्या नियमांकडे बोट दाखवते. पण या साखळीत एक कडी अशी आहे, जिथे दोन सह्यांचा कागद असतो. अ‍ॅक्वायरर आणि पैसे घेणारा यांच्यातला करार. आइसलँडच्या डेटासेल या कंपनीने तीच कडी पकडली. विकिलीक्सच्या देणग्या स्वीकारणाऱ्या डेटासेलने तिथल्या व्हॅलिटर या अ‍ॅक्वायररशी करार केला होता. जुलै 2011 मध्ये देणग्यांची खिडकी उघडली आणि उघडते न उघडते तोच व्हॅलिटरने ती लावून घेतली. डेटासेल न्यायालयात गेली, ती भाषणस्वातंत्र्याची पताका घेऊन नव्हे, तर आमच्याशी केलेला करार मोडला एवढीच तक्रार घेऊन. जुलै 2012 मध्ये रेक्याविकच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला: करार बेकायदा मोडला आहे, चौदा दिवसांत खिडकी उघडा, नाहीतर दर दिवसाला 8 लाख क्रोना दंड. एप्रिल 2013 मध्ये आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नुकसानभरपाईच्या वेगळ्या दाव्यात 2019 मध्ये जिल्हा न्यायालयाने व्हॅलिटरला 120 कोटी क्रोना भरायला सांगितले. युरोपीय आयोगाकडे स्पर्धा कायद्याखाली केलेल्या तक्रारीला मात्र अनुकूल कौल मिळाला नाही. मोठी तत्त्वे जिथे थबकली, तिथे किराणा दुकानाच्या भाडेपट्ट्याइतका साधा करार कायदा कामी आला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मग कंपन्यांनी ठगांचे आणि अतिरेक्यांचेही पैसे पोचवावेत का? मुळीच नाही. पैसे घेणारा पसार झाला तर परताव्याचा भुर्दंड अ‍ॅक्वायररवर येतो, म्हणून फसवणुकीचा संशय आल्यास हात आखडण्याची मुभा त्याला हवीच. दहशतवादी संघटनांसाठी निर्बंधांच्या याद्या असतात, आणि यादीत नाव आले तर त्याविरुद्ध दाद मागता येते. माझा आक्षेप मनाईला नसून कागद नसलेल्या मनाईला आहे. अमेरिकेतल्या बॅकपेजचे प्रकरण पाहा. वेश्याव्यवसायाच्या जाहिरातींमुळे बदनाम झालेल्या या संकेतस्थळाबद्दल शिकागो परिसरातल्या कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी जून 2015 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डला पत्रे लिहिली. काही दिवसांतच दोघांनी पाठ फिरवली. न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांच्या अपील न्यायपीठाने नोव्हेंबरमध्ये शेरीफला अशी दमदाटी करण्यास मनाई केली. बॅकपेजबद्दल कोणाला प्रेम वाटण्याचे कारण नाही. पण 2018 मध्ये केंद्रीय यंत्रणांनी रीतसर खटला भरून ते बंद पाडले. म्हणजे कायद्याची वाट उपलब्ध होती, ती लांबची होती इतकेच.

ही चिंता फक्त डाव्यांची आहे असेही कोणी म्हणेल. मे 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जो निकाल दिला, त्यात फिर्यादी होती बंदूकधारकांची नॅशनल रायफल असोसिएशन. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामक मारिया व्हुलो यांनी विमा कंपन्या आणि बँकांवर दबाव आणून आपल्याला एकटे पाडले, ही त्या संघटनेची तक्रार होती. तक्रारीत म्हटल्याप्रमाणे घडले असेल तर ते घटनाबाह्य ठरते, असे न्यायालयाने सांगितले. आणि रायफल असोसिएशनची बाजू मांडली ती बंदुकांच्या प्रश्नावर तिच्याशी कधीच न पटलेल्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने.

आपल्याकडची एक घटना देणग्यांची नाही, पण नमुना तोच आहे. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना कूटचलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. परिपत्रक लेखी होते, म्हणून त्याला आव्हान देता आले, आणि 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. एप्रिल 2022 मध्ये कॉइनबेस या कूटचलनाच्या अमेरिकी बाजाराने यूपीआयवरून पैसे घेण्याची घोषणा केली. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने आपल्याला असे काही ठाऊक नसल्याचे निवेदन काढले आणि थोड्याच दिवसांत ती सोय बंद झाली. रिझर्व्ह बँकेकडून अनौपचारिक दबाव आला, असे कॉइनबेसचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी नंतर सांगितले. कूटचलनाबद्दल रिझर्व्ह बँकेची भीती मला बरीचशी पटते. तरीही 2018 चे परिपत्रक मला या अनौपचारिक दबावापेक्षा बरे वाटते, कारण परिपत्रक हरू शकत होते.

विकिलीक्सने जून 2011 पासून बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली, हे खरे. पण वीस युरो देऊ पाहणारा निवृत्त शिक्षक त्या वाटेला जात नाही. त्याला उपयोगी पडली ती 2012 मध्ये फ्रान्सच्या कार्त ब्ल्यू या देशी नेटवर्कमधून उघडलेली फट. देशी नेटवर्क असण्याचा हा अनपेक्षित फायदा रुपेच्या संदर्भात तपासायचा आहे. तो पुढच्या आठवड्यात, या वेळी नक्की. तोवर ज्या वाचकांच्या संस्था ऑनलाइन देणग्या घेतात, त्यांनी गेटवे कंपनीशी केलेला आपला करार काढून तो कोणत्या कारणाने आणि किती दिवसांच्या सूचनेने संपवता येतो ते कलम वाचावे, आणि जमल्यास कंपनीचे नाव वगळून त्याचा मजकूर मला कळवावा.