पाठीला पाठ लावून येणारे बाळ

बाळाचे डोके खाली आले आहे एवढे कळले की घरातील माणसे निर्धास्त होतात. परंतु डोके खाली असणे आणि ते सोयीच्या दिशेला वळलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक बाळे जन्माच्या वेळी आईच्या पाठीकडे तोंड करून, म्हणजे स्वतःची पाठ आईच्या पोटाकडे ठेवून बाहेर येतात. काही बाळांची पाठ मात्र आईच्या कण्याला लागलेली असते, डोक्याचा मागचा भाग आईच्या माकडहाडाच्या बाजूला आणि चेहरा पुढे पोटाकडे असतो. डॉक्टर आणि परिचारिका या स्थितीला ‘ओपी पोझिशन’ म्हणतात. पायाळू बाळाशी तिचा संबंध नाही, कारण पायाळू बाळाचे पाय किंवा कुल्ले खाली असतात, तर येथे डोकेच खाली असते, फक्त त्याचे तोंड उलट बाजूला असते. ही स्थिती आजार नाही आणि बहुसंख्य वेळा ती टिकतही नाही. तरीही लांबलेल्या आणि दमवणाऱ्या प्रसूतींमागे, तसेच ऐनवेळी ठरणाऱ्या अनेक सीझरांमागे तिचा हात असतो, आणि म्हणूनच तिची माहिती प्रसूतीला जाणाऱ्या स्त्रीला व तिच्या घरच्यांना आधीच असणे आवश्यक आहे.

ती समजून घेण्यासाठी आईच्या ओटीपोटातील हाडांच्या कड्याची, म्हणजे श्रोणीची, रचना ध्यानात घ्यावी लागते. या कड्याचे वरचे तोंड आडवे रुंद असते, सुमारे तेरा सेंटिमीटर, आणि पुढून मागे ते सुमारे अकरा सेंटिमीटरच भरते. खालच्या तोंडाशी हे गणित उलटते आणि पुढून मागची जागा मोठी होते. त्यामुळे चाळीच्या वळणाच्या जिन्यावरून कपाट उतरवताना ते जसे मध्येच फिरवावे लागते, तसे बाळाच्या डोक्यालाही वाटेत फिरावे लागते. ते सहसा आडवे होऊन आत शिरते आणि खाली सरकताना, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या उतारावर टेकले की, त्याचा मागचा भाग पुढे वळतो. हे फिरवण्याचे काम कळांचा जोर आणि स्नायूंचा तो उतार मिळून करतात. आईला ते जाणवतही नाही.

बाळाची पाठ पुढे असली की हनुवटी छातीला टेकवणे त्याला सोपे जाते, आणि मग डोक्याची सर्वांत लहान बाजू, मानेच्या खळगीपासून टाळूपर्यंतची सुमारे साडेनऊ सेंटिमीटरची, वाटेला लागते. पाठ आईच्या कण्याला लागली असेल तर मान पुरेशी वाकत नाही, डोके काहीसे ताठ राहते आणि कपाळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंतची सुमारे साडेअकरा सेंटिमीटरची बाजू वाट शोधू लागते. दोन सेंटिमीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण जेथे हाडांमध्ये बोटभर जागाही मोलाची असते तेथे तासांचा फरक त्यानेच पडतो. शिवाय अशा बाळाला पुढे वळण्यासाठी साध्या चतुर्थांश वर्तुळाऐवजी सुमारे १३५ अंशांचा, म्हणजे जवळजवळ दीडपट लांबीचा फेरा घ्यावा लागतो. बहुतेक बाळे तो घेतात. काही उलट मागच्या दिशेला थोडे फिरून चेहरा वर करूनच जन्मतात, आणि काहींचे डोके वाटेत आडवे अडकून पडते. सर्वांत कठीण प्रसंग हा तिसरा.

कळा सुरू होतात तेव्हा साधारण सहा-सात बाळांपैकी एक बाळ, आणि काही पाहण्यांत त्याहूनही अधिक बाळे, या स्थितीत आढळतात. प्रत्यक्ष जन्माच्या वेळी मात्र हे प्रमाण शंभरात पाच ते आठ इतके खाली येते. पहिल्या बाळंतपणात ही स्थिती अधिक दिसते. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असली तरी तिची शक्यता काहीशी वाढते. श्रोणीचा आकारही कारण ठरतो: न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल आणि मोलॉय या दोघांनी १९३३ मध्ये स्त्रियांच्या श्रोणीचे जे चार प्रकार सांगितले, त्यांतील पुढून मागे लांबट असलेल्या प्रकारात बाळाला पाठ मागे ठेवणेच सोयीचे जाते. प्रत्यक्षात फार थोड्या श्रोणी अशा नेमक्या साच्यात बसतात, पण मुद्दा खरा आहे. यांतील एकही गोष्ट गर्भवतीच्या हातात नसते.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्याकडे बाळंतपण अवघड गेले की दोष पुष्कळदा बाळंतिणीच्या माथी मारला जातो. तिने शेवटच्या महिन्यांत पुरेशी कामे केली नाहीत, उकिडवे बसून लादी पुसली नाही, आराम फार केला, म्हणून बाळ फिरले नाही, असे सासरमाहेरची वडीलधारी माणसे सहज बोलून जातात. याच धर्तीचा सल्ला परदेशांतही दिला जातो; न्यूझीलंडमधील एका सुईणीच्या शिकवणीतून १९९० च्या दशकात तो विशेष पसरला, आणि गर्भवतीने पुढे झुकून बसावे, गुडघे-हात टेकून राहावे, म्हणजे बाळाची पाठ पुढे येईल असे तो सांगतो. कल्पना तर्काला धरून होती, म्हणून ती तपासून पाहण्यात आली. ऑस्ट्रेलियात अडीच हजारांहून अधिक गर्भवतींचे दोन गट करून एका गटाला ३७ व्या आठवड्यापासून रोज दोनदा दहा-दहा मिनिटे हात आणि गुडघे टेकून कंबर हलवण्याचा व्यायाम देण्यात आला. या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा जन्माच्या वेळी पाठ मागे असलेल्या बाळांचे प्रमाण दोन्ही गटांत शंभरात सुमारे आठच निघाले. व्यायाम करण्यात हानी नाही, आणि हालचाल गरोदरपणात हितकारकच असते. पण ज्या गोष्टीने बाळ फिरत नाही ती केली नाही म्हणून एखाद्या थकल्या स्त्रीला बोल लावणे हा निखालस अन्याय आहे, आणि तो घराघरांतून थांबला पाहिजे.

अशा प्रसूतीचा अनुभव ठरीव नसतो, तरी काही खुणा पुन्हा पुन्हा दिसतात. पाणमोट कळा जोर धरण्याआधीच फुटू शकते. कळा अनियमित येतात, गर्भपिशवीचे तोंड हळू उघडते, आणि अनेक स्त्रियांच्या बाबतीत पोटापेक्षा कंबर व माकडहाड यांतच कळा एकवटतात, कारण बाळाच्या कवटीचा कठीण भाग तेथे दाबत असतो. दोन कळांच्या मधल्या वेळातही ही वेदना पूर्ण ओसरत नाही. याच दाबामुळे पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधीच जोर देण्याची अनावर इच्छा होते, आणि तसा जोर दिला गेला तर तोंडाच्या पुढच्या कडेला सूज येऊन वेळ आणखी वाढतो. तरीही कंबरेतल्या कळा म्हणजे निदान नव्हे. पाठ पुढे असलेल्या बाळांच्या आयांनाही त्या होतात, आणि पाठ मागे असूनही काहींना त्या जाणवत नाहीत.

निदान करणारी व्यक्ती आधी पोट पाहते. बेंबीच्या खाली भरीवपणाऐवजी खोलगटपणा दिसतो, बाळाचे हातपाय पुढेच हाताला लागतात आणि हृदयाचे ठोके मध्यभागापेक्षा कुशीकडे स्पष्ट ऐकू येतात. आतून तपासताना टाळूची चौकटीसारखी मऊ जागा पुढे लागली, तर कवटीच्या मागची लहान त्रिकोणी जागा मागे आहे असे समजते. परंतु डोक्यावर सूज चढली की या खुणा बोटांना सापडत नाहीत आणि अनुभवी हातही चुकतात. म्हणून शंका असेल तेथे पोटावरून केलेली सोनोग्राफी अधिक विश्वासार्ह ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसूतीच्या नोंदीसाठी जो तक्ता दिला, त्यात डोक्याच्या दिशेला स्वतंत्र रकाना आहे आणि डोक्याचा मागचा भाग मागे किंवा आडवा असेल तर ती सावध होण्याची खूण मानली आहे. हा रकाना प्रत्येक प्रसूतिगृहात प्रामाणिकपणे भरला गेला तर कित्येक निर्णय वेळेवर होतील.

बाळाला फिरायला वेळ देणे आणि तोवर आईला तग धरायला मदत करणे हे या प्रसूतीतील मुख्य काम आहे. कळेच्या वेळी माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताने घट्ट दाब देणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, कंबर चोळणे, उताणे पडून राहण्याऐवजी चालणे, कुशीवर वळणे, हात-गुडघे टेकून राहणे, या साध्या उपायांनी वेदना पुष्कळांना सुसह्य होते. शेवटच्या आसनाने बाळ खात्रीने फिरते असे सिद्ध झालेले नाही, पण पाठीला त्याने आराम मिळतो आणि तेवढे कारण पुरेसे आहे. माकडहाडाच्या वर चार ठिकाणी त्वचेत निर्जंतुक पाण्याच्या अगदी छोट्या सुया देण्याची पद्धतही आहे. क्षणभर तीव्र चुणचुण होते आणि मग कंबरेची कळ बराच वेळ मंदावते. एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ औषध देऊन खालचा भाग बधिर करणे, हा वेदनेवरचा सर्वांत प्रभावी उपाय आहे. बॉस्टनमधील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्या स्त्रियांमध्ये जन्माच्या वेळी बाळाची पाठ मागे असण्याचे प्रमाण शंभरात सुमारे तेरा, तर न घेतलेल्यांमध्ये तीनाच्या आसपास आढळले. हे आईला आधी सांगावे आणि निर्णय तिचा असू द्यावा. मात्र तेवढ्या कारणावरून तिला वेदनाशमन नाकारणे योग्य नाही.

कळा सोसण्याच्या या उपायांसाठी सोबत लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ या कार्यक्रमात सरकारी प्रसूतिगृहांतही स्त्रीजवळ तिच्या पसंतीची सोबतीण असावी आणि तिला सोयीचे आसन निवडता यावे असे म्हटले आहे. कंबर दाबायला हात हवा असतो, आणि गर्दीच्या वॉर्डात एकट्या परिचारिकेकडून ती अपेक्षा करता येत नाही. याउलट, बाळ लवकर यावे म्हणून वरून पोट दाबण्याची जी रीत अनेक ठिकाणी अजून चालते तिला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांत स्पष्ट नकार दिला आहे. डोके अजून फिरायचे असताना वरून दिलेल्या दाबाने ते फिरत नाही, इजा मात्र होऊ शकते. कळा वाढवणारे इंजेक्शनही घरी किंवा अप्रशिक्षित हाताने देणे जिवावर बेतू शकते, कारण डोके अडकलेले असताना कळा बेसुमार वाढल्या तर गर्भाशय फाटू शकते; रुग्णालयात ते मोजून, बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवून दिले जाते, आणि तेथे ते उपयोगीही पडते.

पिशवीचे तोंड पूर्ण उघडल्यावरही बाळ पुढे सरकत नसेल तर प्रसूतितज्ज्ञ योनीमार्गातून हात घालून डोके हळूच फिरवू शकतात, किंवा व्हॅक्यूमच्या वाटीने अथवा चिमट्याने बाळाला बाहेर काढू शकतात. लंडनमध्ये प्रसूतिविद्या शिकवणारे विल्यम स्मेली यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर चिमट्याने डोके फिरवून मग ओढण्याची रीत मांडली, आणि नॉर्वेच्या किलँड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खास फिरवण्यासाठी सरळ घडणीचा चिमटा तयार केला. आज हे कौशल्य शिकवणारे हात कमी होत चालले आहेत, आणि सीझर अधिक सुरक्षित झाल्यामुळे निवड बहुधा तिकडे झुकते. डोके खूप वर असेल, बाळाचे ठोके बिघडत असतील किंवा हाडांच्या मानाने बाळ मोठे असेल तर सीझरच योग्य. परंतु आई आणि बाळ दोघेही सुस्थितीत असताना, केवळ घड्याळाकडे पाहून घाई करणे योग्य नाही. पहिल्या बाळंतपणात जोर देण्याच्या टप्प्याला किमान तीन तास द्यावेत, असे अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ मध्ये सुचवले, आणि एपिड्युरल असेल तर त्याहूनही अधिक. धीर धरायचा तो मात्र जेथे शस्त्रक्रियेची सोय हाताशी आहे तेथेच. पाड्यावर किंवा उपकेंद्रात कळा लांबत असतील, पाण्याचा रंग हिरवट असेल, ताप किंवा रक्तस्राव असेल, किंवा जोर देऊनही डोके हलत नसेल, तर १०८ किंवा १०२ क्रमांकाची गाडी बोलावून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठण्यात विलंब करू नये. डोके तासन्तास अडून राहिले तर मूत्राशयाच्या भिंतीला भोक पडून लघवी सतत गळत राहण्याचे दुःख एखाद्या स्त्रीला जन्मभर भोगावे लागते, आणि वेळीच हलवले तर ते टळते.

चेहरा वर करून जन्मलेल्या बाळाचे डोके सुरुवातीला लांबट दिसते, कधी त्यावर सूज किंवा निळसर डाग असतो. हे बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरते. आईला मात्र गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी फाटण्याची इजा आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव यांचा धोका अशा प्रसूतीत अधिक असतो, म्हणून टाके घालण्यापूर्वी नीट तपासणी होणे आणि पुढील आठवड्यांत शौचावरचा ताबा सुटल्यासारखे वाटले तर संकोच न करता डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. पुढच्या खेपेला हीच स्थिती पुन्हा येण्याची शक्यता थोडी वाढते, तरी दुसरे बाळंतपण सहसा लवकर उरकते. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘प्रगती नाही म्हणून सीझर’ असे न लिहिता बाळाचे डोके कोणत्या दिशेला होते, पिशवीचे तोंड किती उघडले होते आणि डोके कोठवर उतरले होते, हेही लिहिले जावे. पुढच्या वेळी नॉर्मल प्रसूतीचा विचार करणाऱ्या डॉक्टरांना नेमकी हीच माहिती लागते, आणि ती मागून घेण्याचा प्रत्येक आईला हक्क आहे.