सल्ला १९६७चाच आहे

जेरुसलेमजवळच्या ई-१ या वसाहत-प्रकल्पाला २०२५च्या ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या इस्रायली वसाहती कायदेशीर आहेत का, यावर पुन्हा चर्चा झडू लागल्या. प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे, असं दोन्हीकडचे तज्ज्ञ सांगतात. इस्रायली सरकारला मात्र त्याचं उत्तर १९६७च्या सप्टेंबरातच मिळालं होतं, तेही घरच्याच माणसाकडून.

थिओडोर मेरन तेव्हा इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार होते. जन्म पोलंडमधला, बालपण नाझींच्या श्रमछावणीत गेलेलं. पुढे युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायाधिकरणाचे ते अध्यक्ष झाले. इस्रायलने जॉर्डनकडून पश्चिम किनारा जिंकला, त्या सहा दिवसांच्या युद्धानंतर तीनच महिन्यांत त्यांनी गोपनीय टिपणात कळवलं, की जिंकलेल्या प्रदेशात नागरिक वसवणं हा चौथ्या जीनिव्हा कराराचा भंग ठरेल. कलम ४९ तसं स्पष्टच म्हणतं. सैन्याने प्रदेश ताब्यात ठेवणं कायद्याला काही काळ चालतं. तिथे आपली माणसं नेऊन वसवणं चालत नाही. जॉर्डनचा तरी या भूमीवर कुठे हक्क होता, हा बचाव जगाला पटणार नाही, हेही त्यांनी बजावलं. इस्रायलच्याच लष्करी हुकमात जीनिव्हा करार पाळण्याचा आदेश होता, हा दाखला तर बिनतोड.

पण मेरन सरकारी वकीलही होते. वस्ती करायचीच असेल, तर ती लष्करामार्फत आणि तात्पुरती दिसेल अशी करा, असंही त्यांनी लिहिलं. महिना संपायच्या आत कफर एत्झिऑनमध्ये ‘लष्करी ठाणं’ उभं राहिलं. इशारा बासनात गेला, पळवाट तेवढी उचलली गेली.

ही पळवाट १९७९मध्ये बुजली. नाब्लुसजवळ एलोन मोरेह वसाहतीसाठी खासगी जमीन ‘सुरक्षेसाठी’ म्हणून ताब्यात घेतली होती. माजी लष्करप्रमुख हाइम बार-लेव्ह यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की सुरक्षेशी तिचा काही संबंध नाही. वसाहतवाल्यांनीही, ही देवाने दिलेली भूमी आहे, आम्ही कायमचेच आलोय, असं न्यायालयात बेधडक सांगून टाकलं. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने जमीन परत करायला लावली.

मग सरकारने १८५८चा ऑटोमन जमीन कायदा हाताशी धरला. गावाच्या कडेला उभं राहून मारलेली हाक जिथे पोहोचत नाही, ती जमीन या कायद्याने ‘मृत’. काही प्रकारची जमीन सलग तीन वर्षं पडीक राहिली, तर कसणाऱ्याचा हक्क जाऊ शकतो. या आधाराने डोंगरच्या डोंगर ‘सरकारी’ ठरवण्यात आले. पण समजा, जमीन खरोखर सरकारी आहे; तरी काय? कलम ४९ सातबारा मागत नाही. माणसं नेलीत का, एवढंच विचारतं. आज पूर्व जेरुसलेम धरून पश्चिम किनाऱ्यावर सात लाखांच्या आसपास इस्रायली राहतात.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी आणखी पुढे जाऊन हा ताबाच बेकायदा ठरवला, ११ विरुद्ध ४ मतांनी. मत सल्ल्यादाखल आहे, अंमलबजावणी करणार कोण, हा प्रश्न उरतोच. त्या अकरांत भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. दोन महिन्यांनी याच मताच्या आधारे, इस्रायलने बारा महिन्यांत ताबा सोडावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. १२४ देशांनी बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिला.