पाण्याचा सांगाडा

मऊ प्रवाळाला उभं राहायला आधार लागतो तो पाण्याचा. दगडी प्रवाळ आयुष्यभर चुन्याचं घर बांधत राहतं. सार्कोफायटनसारख्या मऊ प्रवाळाच्या अंगात मात्र चुन्याच्या बारीक सुया तेवढ्या विखुरलेल्या असतात. मांसल दांडा, वर पसरट माथा, माथ्यावर शेकडो पॉलिप म्हणजे वसाहतीतले इवले जीव, आणि प्रत्येक पॉलिपला दोन्ही कडांनी बारीक फाटे फुटलेल्या बरोबर आठ भुजा. एवढा डोलारा आतल्या पाण्याच्या दाबावर तोललेला असतो. पाणी बाहेर टाकलं की पॉलिप आत जातात, माथा झुकतो आणि काचेपलीकडे एक सुरकुतलेला गोळा उरतो. घरी समुद्री टाकी ठेवणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो तो इथे.

भिंग घेऊन त्या माथ्याकडे पाहिलं तर उंच पॉलिपांच्या मधल्या जागेत अगदी बारीक ठिपके दिसतात. तेही पॉलिपच, पण त्यांना भुजा जवळजवळ नसतात आणि ते शिकार करत नाहीत. त्यांचं काम एकच, वसाहतीत पाणी ओढून घेणं. त्यांच्या घशात एका बाजूला खाच असते आणि खाचेत सूक्ष्म केस एका लयीत हलत असतात. मिटणं क्षणात होतं, स्नायू आवळले की झालं. उमलायला मात्र वेळ लागतो. इवल्याशा केसांनी अख्खं शरीर पुन्हा भरायचं असतं. हा प्राणी बाहेरचंच पाणी अंगात घेऊन उभा राहतो, त्यामुळे पाण्यात काही बिनसलं की ते आधी त्याच्या आकारात दिसतं. प्रवाळ मिटलं तर पहिल्यांदा पाणी तपासायचं, ते एवढ्यासाठी.

आता अशी टाकी जांब समर्थला आहे असं धरू. मराठवाड्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव समर्थ रामदासांचं जन्मस्थान म्हणून सगळ्यांना माहीत आहे. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. इथला पाऊससुद्धा त्या समुद्राला मिळत नाही, तो गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जातो. तरीही इथल्या एखाद्या खोलीत समुद्र उभा करता येतो, आणि त्यामागचं कारण मला फार विलक्षण वाटतं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगभरचे समुद्र धुंडाळत फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. खारटपणा इथे थोडा कमी, तिथे थोडा जास्त. पण क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच. समुद्राची पाककृती एकच निघाली. म्हणूनच पाकिटातलं समुद्री मीठ आणि शुद्ध पाणी एवढ्या भांडवलावर बेसाल्टच्या पठारावर समुद्र होतो.

शुद्ध पाणी या दोन शब्दांवर मात्र सगळं अडतं. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका घेऊन येतं. शेताजवळच्या विहिरीत खतांचं नायट्रेटही उतरतं. ते तसंच वापरलं तर डिटमारचं प्रमाण पहिल्याच दिवशी मोडतं. आरओ गाळणी, त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा दिसल्याशिवाय त्यात मीठ टाकू नये.

त्यापुढचा खरा वैरी उन्हाळा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि प्रवाळाला हवं असतं २४ ते २६ अंश. टाकीवर छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि उडणारी वाफ उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. कोकणच्या दमट हवेत हाच पंखा निम्म्यानेही काम करत नाही. इथला कोरडेपणा हे टाकीवाल्याचं वरदान आहे. पण वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं.

हिशोब करून पाहा. शंभर लिटर पाण्यात खारटपणा दर हजारी ३५, म्हणजे जवळपास साडेतीन किलो मीठ. त्यातलं दहा लिटर पाणी उडालं तर तेवढंच मीठ नव्वद लिटरमध्ये राहतं आणि खारटपणा ३९ च्या घरात जातो. शंभर लिटरच्या टाकीतून कडक उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज जातं. चार दिवस गावाला जाऊन आलं की प्रवाळ मिटलेलं असतं आणि दोष दिव्याला दिला जातो. तूट भरताना खारं पाणी ओतणं ही नेहमीची चूक. भरायचं ते साधं आरओचंच, रोज, थोडं थोडं. खारटपणा वर गेला असेल तर तो एका दमात खाली आणू नये. दिवसाला एखाद्या अंकाने उतरवावा. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटरही आधी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा, नाहीतर यंत्र चुकीचं सांगतं आणि आपण बरोबर असलेलं पाणी बिघडवतो.

मालवणला हा प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात दगडी प्रवाळं आहेत. १९८७ मध्ये त्या परिसराला सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आलं. पावसाळ्यात तिथे गोडं, गढूळ पाणी येऊन मिळतं. पण समुद्र अफाट असतो, बदल पचवतो. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर तर किनाऱ्याचा गाळ पोचतही नाही. शंभर लिटरच्या समुद्राला ही ऐसपैस सोय नाही.

पाणी नीट असूनही प्रवाळ मिटलेलं असेल तर सार्कोफायटनच्या माथ्याकडे तिरप्या उजेडात पाहावं. मेणचट, चकचकीत पापुद्रा दिसला तर चिंता सोडावी. हा प्राणी अधूनमधून कात टाकतो. अंगावर साचलेलं शेवाळ, कचरा आणि जिवाणू त्या पापुद्र्याबरोबर निघून जातात. हे कधी दोन दिवसांत उरकतं, कधी आठवडा-दोन आठवडे चालतं. आपण प्रवाहाचा रोख थोडा त्याच्याकडे वळवायचा, थेट झोत न मारता, म्हणजे पापुद्रा सुटतो. या काळात जागा बदलणं, दिवे वाढवणं, औषधं ओतणं यांनी फक्त नुकसान होतं. रात्री अनेक मऊ प्रवाळं आपणहून मिटतात, तेही लक्षात असू द्यावं.

शेजाऱ्यांकडेही पाहावं. दगडी प्रवाळ दंश करून जागा राखतं, मऊ प्रवाळ रसायनं सोडून. सार्कोफायटनच्या अंगात टर्पीन वर्गातली रसायनं असतात आणि खुल्या समुद्रात ती वाहून जातात. बंद टाकीत ती साठत जातात आणि दुसरं प्रवाळ कारण न कळता मिटून बसतं. सक्रिय कोळसा आणि नियमित पाणी बदलणं यावर चांगला उतारा आहे. माशांच्या रोगावरचं तांबं असलेलं औषध मात्र या टाकीत चुकूनही पडू नये, तांबं प्रवाळाचा जीव घेतं. आणि लाइट गेली की पंप थांबतो, पाण्यातला प्राणवायू घसरतो. बॅटरीवरचा एअरपंप ही इथे चैनीची वस्तू नाही.

आणि झेनिया! या कुळातली काही मऊ प्रवाळं भुजा एकसारख्या उघडमिट करत राहतात. ही एवढी शक्ती कशासाठी खर्चायची? लाल समुद्रातल्या एका जातीवर इस्रायलमधल्या संशोधकांनी काम केलं आणि २०१३ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल उजेडात अन्न बनवतं आणि प्राणवायू सोडतं. तो आसपास साचला तर शैवालाचंच काम मंदावतं. भुजांच्या हालचालीने तो झटकला जातो आणि अन्ननिर्मिती कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे झेनियाची टाळी मंदावली तर उजेड आणि प्रवाह दोन्ही बघायला हवेत. नवीन आणलेल्या प्रवाळावर पूर्ण दिवे एकदम लावणं त्यामुळेच घातक. शैवालाला उजेडाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात.

समुद्रातून काही उपटून आणणं तर विचारातही नको. २००१ पासून दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मऊ प्रवाळाच्या बाबतीत तशी गरजही पडत नाही, कारण दुसऱ्याच्या टाकीत वाढलेला एक तुकडा पुरतो. मिटलेलं प्रवाळ काळं पडू लागलं, विरघळू लागलं, वास सुटला, तर धारदार पात्याने खराब भाग निरोगी मांसापर्यंत कापून टाकायचा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. सार्कोफायटनचा सगळा माथा गेला तरी चालतं. उरलेला दांडा आधी जखम बंद करतो, मग काही आठवड्यांत त्याच्या टोकाशी नवा माथा फुगू लागतो आणि त्यावर पॉलिप येतात.