नवसाचा देव, निर्गुण देव आणि विज्ञान

देव आहे की नाही, हे विज्ञानाने एकदाचे सांगून टाकावे अशी अपेक्षा आस्तिकही बाळगतात आणि नास्तिकही. एकीकडे ‘आता विज्ञानानेही देव मान्य केला’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात, तर दुसरीकडे विज्ञानाने देव कधीच निकालात काढला, असे ठासून सांगितले जाते. दोन्ही बाजूंची गफलत एकच आहे. ‘देव’ म्हणताना आपण बरेच वेगवेगळे दावे एका गाठोड्यात बांधतो. नवसाला पावणारा, दुखणे बरे करणारा, विश्व घडवणारा, आणि कुठल्याही वर्णनात न मावणारा निर्गुण, हे सगळे त्या एकाच गाठोड्यात असतात. यांतले काही दावे तपासता येतात, काही येत नाहीत. विज्ञानाचा निकाल दाव्यागणिक लागतो, गाठोड्याचा लागत नाही.

गैरसमज १ : ‘गॉड पार्टिकल’ सापडला, म्हणजे देवाचा पुरावा मिळाला.

वस्तुस्थिती : ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने जो नवा कण सापडल्याचे जाहीर केले, तो हिग्ज बोसॉन. मूलकणांना वस्तुमान कसे मिळते, याचे स्पष्टीकरण १९६४ साली पीटर हिग्ज आणि इतर काही भौतिकशास्त्रज्ञांनी मांडले होते. ते खरे असेल तर असा एक कण सापडायला हवा, हे त्यातले भाकीत होते आणि जवळपास अर्ध्या शतकानंतर ते खरे ठरले. ‘गॉड पार्टिकल’ हे नाव आले ते लिऑन लेडरमन यांच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकावरून. हा कण हाती लागत नसल्याने आपल्याला खरे तर त्याला शिवी हासडायची होती, पण प्रकाशकाने ती छापू दिली नाही, असे ते गमतीने सांगत. खुद्द हिग्ज नास्तिक होते आणि त्यांना हे नाव मुळीच आवडत नसे. थोडक्यात, नाव सोडले तर या शोधाचा देवाशी काही संबंध नाही. तो नसल्याचाही पुरावा त्यातून मिळत नाही.

गैरसमज २ : महास्फोटामुळे विश्वाला आरंभ आहे हे कळले, म्हणजे आरंभ करणाराही सिद्ध झाला.

वस्तुस्थिती : प्रसरणाऱ्या विश्वाची आणि त्याच्या आदिम अवस्थेची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्ताचा संबंध बायबलमधल्या सृष्टीनिर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झालेल्यांत लमेत्रच होते. आपला सिद्धान्त धर्माच्या बाजूचा नाही आणि विरोधातलाही नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती पक्क्या पायावर उभी होती. आजचे भौतिकशास्त्र आपल्याला सुमारे १३८० कोटी वर्षे मागे, अतिशय उष्ण आणि दाट अवस्थेपर्यंत नेते. त्याच्याही मागे जाऊ पाहिले, की सापेक्षतावादाची समीकरणे चालेनाशी होतात. ही आपल्या ज्ञानाची हद्द आहे. त्या हद्दीवर देवाला बसवणे धोक्याचे असते, कारण हद्द सरकत राहते. ग्रहांच्या कक्षा हळूहळू बिघडतील आणि देवाला त्या सावराव्या लागतील, असे न्यूटनला वाटत होते. पुढे लाप्लासने गणिताने दाखवले की न्यूटनला खटकलेले ते फेरफार आपोआप भरून येतात. त्या कक्षांसाठी राखून ठेवलेला देव तेवढा बेकार झाला. यावर असा आक्षेप घेतला जातो की निसर्गाचे स्थिरांक जीवसृष्टीला इतके अनुकूल आहेत, की त्यामागे योजना असलीच पाहिजे. हा प्रश्न खरा आहे आणि शास्त्रज्ञ त्याला टाळत नाहीत. पण हे स्थिरांक दुसरे काही असू शकले असते का, असल्यास त्याची शक्यता किती, हे ठाऊक नसताना योजनेचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. अनेक विश्वे मानून तो प्रश्न उडवून लावणेही सध्या तितकेच घाईचे आहे.

गैरसमज ३ : देव प्रयोगशाळेबाहेरचा आहे, त्यामुळे विज्ञानाने यात बोलूच नये.

वस्तुस्थिती : देवामुळे या जगात अमुक घडते, असे म्हटले की तो दावा जगाबद्दलचा होतो आणि तपासणीच्या कक्षेत येतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची बातमी पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी रंग मिसळलेले दूध चमच्याने मूर्तीला लावून दाखवले. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जात होते आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळत होते. ऑगस्ट २००६मध्ये माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाल्याची वार्ता उठली आणि लोक ते दूषित पाणी पिऊ लागले. पावसाळ्यात मिठी नदीतून येणाऱ्या पाण्याने तिथला खारटपणा घटला होता. प्रार्थनेच्या परिणामाचीही तपासणी झाली आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नसलेल्यांपैकी, ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यातल्या ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली; ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होते. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना आधीच सांगितले होते, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की देवाची परीक्षा घ्यायची नसते. मुद्दाम मांडलेल्या प्रयोगाला तो दाद देत नाही. हे म्हणणे तर्काला सोडून नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. मोजायला गेल्यावर जो परिणाम नाहीसा होतो, त्याचा दाखला देऊन नवस फेडणाऱ्यांच्या कहाण्या पुरावा म्हणून सांगता येत नाहीत. गुण आला तर देवाची कृपा आणि नाही आला तर देव परीक्षेपलीकडचा, अशी दोन्हीकडून जिंकण्याची सोय कुठल्याच प्रामाणिक वादात नसते.

गैरसमज ४ : पुरावा सापडला नाही, म्हणजे देव नाही हे सिद्ध झाले.

वस्तुस्थिती : जगात ढवळाढवळ न करणारा, कुठल्याच निरीक्षणाने खोटा न ठरणारा देव मानला, तर त्याच्याविरुद्ध प्रयोग मांडताच येत नाही. कार्ल पॉपर यांनी वैज्ञानिक विधानाची ओळख हीच सांगितली होती, की ते खोटे ठरण्याची वाट खुली असली पाहिजे. ती वाट नसलेले विधान विज्ञानाच्या हद्दीबाहेर राहते. तेवढ्याने ते असत्य ठरत नाही. हा विचार आपल्याकडे परका नाही. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी अनुमानाने ईश्वर सिद्ध करण्यासाठी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ लिहिला. उलट परम वैष्णव असलेल्या रामानुजाचार्यांनी असे अनुमान टिकत नाही आणि ईश्वर शास्त्रातूनच कळतो, असे प्रतिपादन केले. ईश्वरावर संपूर्ण निष्ठा असूनही तर्काने तो सिद्ध होत नाही, हे मान्य करायला त्यांना संकोच वाटला नाही. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनाही जगाचा कर्ता ईश्वर मानण्याची गरज भासली नव्हती.

मग सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही, म्हणून दोन्ही पारडी सारखी का? तसे नाही. १९५२ साली बर्ट्रांड रसेल यांनी सूर्याभोवती फिरणाऱ्या, दुर्बिणीतूनही न दिसणाऱ्या चहाच्या किटलीचे उदाहरण दिले ते याचसाठी. ती नसल्याचे सिद्ध करता येत नाही, पण तेवढ्यावर ती असल्याचे कोणी मानत नाही. पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. श्रद्धावान माणूस म्हणू शकतो की आपली श्रद्धा हा मुळात पुराव्याचा दावाच नाही, ती जगण्याची रीत आहे. अशा श्रद्धेशी विज्ञानाचे भांडण नाही, फक्त तिने विज्ञानाचे प्रमाणपत्र मागू नये.

गैरसमज ५ : आइन्स्टाइनसारखे शास्त्रज्ञ देव मानत, मग प्रश्नच मिटला.

वस्तुस्थिती : आइन्स्टाइन यांनी १९२९ साली सांगितले होते की स्पिनोझाचा, म्हणजे सृष्टीच्या सुसंगतीतून प्रकटणारा देव त्यांना मान्य आहे, माणसांच्या नशिबात लक्ष घालणारा नव्हे. १९५४च्या एका पत्रात देव ही कल्पना त्यांनी मानवी दुबळेपणातून आलेली म्हटली. अमेरिकी शास्त्रज्ञांच्या २००९च्या प्यू सर्वेक्षणात ३३ टक्क्यांनी देव, तर १८ टक्क्यांनी एखादी उच्च शक्ती मानत असल्याचे सांगितले; ४१ टक्के यांपैकी काहीच मानत नव्हते. विज्ञान करणाऱ्यांतच इतका मतभेद असेल, तर त्यांची मते म्हणजे विज्ञानाचा निकाल नव्हे, हे उघड आहे.

या सगळ्यातून विज्ञानाची हद्द जिथे दिसते, जवळपास तिथेच महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही रेघ ओढली आहे. यात्रा, पूजा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना त्याने हात लावलेला नाही. पण साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. मंत्राने विष उतरते की नाही, हे तपासता येते आणि त्याचे उत्तर चुकले तर जीव जातो. निर्गुणाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या खुला राहिला तरी कोणाचे बिघडत नाही.